ग्राफीनओएसवर दर थोड्या दिवसांनी नोटिफिकेशन, ओटीपी, यूपीआय गप्प होतंय? आधी हे बघा

ग्राफीनओएस म्हणजे पिक्सेल फोनवर साध्या अँड्रॉइडऐवजी टाकायची, प्रायव्हसी आणि सुरक्षेवर भर देणारी अँड्रॉइडचीच आवृत्ती. ती वापरताना अडचण आली की लक्षणं साधारण सगळ्यांची सारखीच असतात. फोन दुपारभर शांत, आणि व्हॉट्सअ‍ॅप उघडलं की मेसेज एकदम धडाधड येऊन पडतात. सोसायटीच्या गेटवर डिलिव्हरीवाला उभा असतो, वॉचमनने अ‍ॅपवर परवानगी मागितलेली असते आणि ती आपल्याला तो निघून गेल्यावर दिसते. यूपीआयचं रजिस्ट्रेशन ‘एसएमएस पाठवत आहोत’ वर नुसतं फिरत बसतं. बँकेचं अ‍ॅप उघडलं की हा डिव्हाइस चालणार नाही म्हणतं. मग माणूस वैतागतो, सगळ्या अ‍ॅपना सगळ्या परमिशन देऊन टाकतो, दोन दिवस बरं चालतं आणि परत तेच. शेवटी फोन पुसून साधं अँड्रॉइड टाकतो आणि ‘प्रायव्हसी वगैरे आपल्याला परवडत नाही’ म्हणून मोकळा होतो. मला हे बघून खरंच वाईट वाटतं, कारण यातल्या बहुतेक गोष्टी फारशी प्रायव्हसी न सोडता नीट होतात, फक्त कारण दुसरीकडे असतं आणि आपण शोधत असतो भलतीकडे.

घरच्यांचे, मित्रांचे फोन मी लावून देतो, त्यावरून सांगतो. दहातल्या बहुतेक वेळा दोष अ‍ॅपचा नसतो आणि गुगलचाही नसतो, फोनचे आपण जास्त तुकडे केलेले असतात. कुठेतरी वाचून लोक पहिल्याच दिवशी चार प्रोफाइल (एकाच फोनमधले वेगवेगळे यूजर) करतात, एकात गुगल, एकात बँक, एकात सोशल, आणि मालकाचं, म्हणजे फोनचं मूळ पहिलं प्रोफाइल रिकामं. दिसायला एकदम भक्कम. पण रोज वापरायला गेलं की एक साधा ओटीपी एका प्रोफाइलमध्ये येतो, तो टाकायचा असतो दुसऱ्यात, आणि क्लिपबोर्ड एकाचा दुसऱ्याला दिसत नाही.

‘दर थोड्या दिवसांनी’ हा जो प्रकार आहे ना, त्याचं उत्तर बऱ्याचदा रीस्टार्टमध्ये असतं. ग्राफीनओएसचे अपडेट वरचेवर येतात, महिन्यातून बरेचदा, ते मागच्या मागे इन्स्टॉल होतात आणि लागू व्हायला फोन रीस्टार्ट लागतो. शिवाय ऑटो रीबूट नावाची सोय आहे, फोन लॉक झाल्यापासून १८ तास कोणी अनलॉकच केला नाही तर तो आपोआप रीस्टार्ट होतो, हे डीफॉल्ट आहे. आता रीस्टार्ट झाल्यावर काय होतं, तुम्ही पिन टाकून मालकाचं प्रोफाइल उघडता, पण दुसरं प्रोफाइल अजून बंदच असतं, त्याचा डेटा एन्क्रिप्टेड अवस्थेत पडून असतो आणि तुम्ही एकदा तिकडे जाऊन त्याचा पिन टाकेपर्यंत त्यातलं एकही अ‍ॅप चालू होत नाही. व्हॉट्सअ‍ॅप तिकडे असेल तर ते मेल्यासारखंच. तुम्हाला वाटतं नोटिफिकेशन बिघडली, मग परत तिकडे गेल्यावर आपोआप सगळं येतं, मग वाटतं झालं दुरुस्त, पुढच्या अपडेटला परत तेच.

ओळखायची एक सोपी खूण आहे. फोन आला आणि सेव्ह असलेल्या माणसाचं नाव न येता नुसता नंबर दिसला तर समजा फोन रीस्टार्ट झालाय आणि पहिला अनलॉक अजून झालेला नाही. तेव्हा कॉल येतात, पण कॉन्टॅक्ट उघडलेले नसतात. दुसऱ्या प्रोफाइलसाठी खूण म्हणजे यूजर बदलायला गेलात आणि पूर्ण पिन मागून थोडा वेळ लोड होत बसलं, तर ते बंद होतं. एंड सेशन दाबायची सवय असेल तरीही हेच होणार, ते बटण प्रोफाइल बंद करण्यासाठीच आहे, त्यामुळे तिथून नोटिफिकेशनची अपेक्षा ठेवू नका.

लगेच ऑटो रीबूट बंद करायला धावू नका प्लीज. फोन चोरीला गेला किंवा कोणाच्या हाती लागला तर तो आपोआप परत कुलूपबंद अवस्थेत जातो, या फोनमधल्या सगळ्यात मोलाच्या गोष्टींपैकी ती एक आहे. सेटिंग्जमध्ये सिक्युरिटी अँड प्रायव्हसी, त्यात एक्स्प्लॉइट प्रोटेक्शन, तिथे वेळ १० मिनिटांपासून ७२ तासांपर्यंत बदलता येते. दुसरा फोन म्हणून कपाटात ठेवत असाल तर वेळ वाढवा, रोजचा फोन असेल तर १८ तास तो अनलॉक केल्याशिवाय कोण राहतंय, त्यामुळे हात लावायची गरजच नाही.

उपाय माझ्या मते असा की ज्याची नोटिफिकेशन त्याच क्षणी हवी असते ते सगळं मालकाच्या प्रोफाइलमध्ये आणा, म्हणजे मेसेजिंग, गेटचं अ‍ॅप, कॅब, मुलांच्या शाळेचं अ‍ॅप, यूपीआय. आणि त्यांना गुगल प्ले लागत असेल तर तेही तिथेच टाका. इथे बरेच जण दचकतात, मालकाच्या प्रोफाइलमध्ये गुगल? तर हो. कारण इथलं गुगल प्ले हे साध्या अँड्रॉइडसारखं सिस्टीमच्या आत बसलेलं नाही, ते सँडबॉक्समध्ये, म्हणजे बंदिस्त चौकटीत, साध्या अ‍ॅपसारखं चालतं, त्याला कॅल्क्युलेटरपेक्षा जास्त अधिकार नाहीत. कॉन्टॅक्ट, लोकेशन, माइक काहीही तुम्ही दिल्याशिवाय मिळत नाही, फोनचा आयएमईआय हा ओळख क्रमांक वाचता येत नाही, दुसऱ्या अ‍ॅपचा डेटा उघडता येत नाही. गुगल खात्यात लॉगिन न करताही पुश नोटिफिकेशन (गुगलच्या सर्व्हरमार्फत फोनला येणारी) चालतात. एवढं मात्र खरं की कोणती अ‍ॅप त्याची पुश सेवा वापरतायत आणि तुमचा आयपी काय हे गुगलला कळतं, आणि एकाच प्रोफाइलमधली अ‍ॅप एकमेकांशी बोलायचं दोघांनी ठरवलं तर बोलू शकतात. हे मान्य असेल तर मालकाच्या प्रोफाइलमध्ये ठेवा, नसेल तर वेगळं ठेवा पण मग उशीर होणार हे धरून चाला. दोन्ही हवं असं म्हणून तिसराच गुंता करून ठेवायचा, यातूनच सगळा त्रास होतो.

दुसरं प्रोफाइल ठेवायचंच असेल, समजा ऑफिसचं, तर त्या यूजरच्या सेटिंगमध्ये नोटिफिकेशन सध्याच्या यूजरकडे पाठवायचा पर्याय आहे तो चालू करा. काहीतरी आलंय एवढं कळतं, उत्तर द्यायला तिकडेच जावं लागतं. आणि हे तेव्हाच चालतं जेव्हा ते प्रोफाइल रीस्टार्टनंतर एकदा उघडलेलं असतं. अपडेटनंतर सगळी प्रोफाइल एकदा उघडून यायची सवय लावून घ्या.

प्रायव्हेट स्पेसवाल्यांचा घोळ थोडा वेगळा. प्रायव्हेट स्पेस म्हणजे त्याच यूजरमधला वेगळा कुलूपबंद कप्पा. अँड्रॉइड १५ पासून ही सोय आली आणि वापरायला प्रोफाइलपेक्षा खूप सुटसुटीत आहे, यूजर बदलावा लागत नाही, अ‍ॅप ड्रॉवरमध्ये खालीच दिसते. पण ती लॉक झाली की आतली अ‍ॅप पूर्ण थांबतात, मागे चालत नाहीत. लॉक कधी व्हायचं याचे पर्याय असतात, फोन लॉक झाला की, स्क्रीन बंद झाल्यावर ५ मिनिटांनी, किंवा फक्त रीस्टार्टनंतर. पहिला पर्याय ठेवून आत व्हॉट्सअ‍ॅप टाकलं तर खिशात फोन असताना एकही मेसेज येणार नाही. ‘फक्त रीस्टार्टनंतर’ करा. आणि आतमध्ये गुगल प्ले वेगळं टाकावं लागतं, बाहेरचं आत चालत नाही, हे बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही.

आता समजा सगळं मालकाच्या प्रोफाइलमध्येच आहे, रीस्टार्टही झालेला नाही, तरी उशीर. मग बॅटरी. गुगल प्ले सर्व्हिसेसला बॅटरी अनरिस्ट्रिक्टेड द्यायला लागते, सेटअप करताना विचारतात तेव्हा घाईत नाही म्हटलेलं असतं. अ‍ॅपच्या माहितीच्या पानावर जाऊन बॅटरी वापर अनरिस्ट्रिक्टेड करा आणि तिथेच नेटवर्क परमिशन चालू आहे ना बघा. व्हॉट्सअ‍ॅपला वेगळी अनरिस्ट्रिक्टेड द्यायची गरज प्ले सर्व्हिसेस नीट असतील तर सहसा पडत नाही, त्यामुळे सरसकट सगळ्यांना देत सुटू नका, बॅटरी संपते ती त्यानेच. गुगल प्ले अजिबात नको असेल तर सिग्नल स्वतःचं कनेक्शन धरून ठेवतं, तिथे मात्र सिग्नललाच अनरिस्ट्रिक्टेड द्यायचं.

त्यानंतर प्रायव्हेट डीएनएस (साइटचा पत्ता कोणत्या सर्व्हरला विचारायचा ती सेटिंग) आणि व्हीपीएन (तुमचा ट्रॅफिक दुसऱ्या सर्व्हरमार्फत नेणारी सेवा). जाहिराती अडवायला लोक कडक ब्लॉकलिस्ट लावतात, त्यात गुगलचं सगळंच अडवणाऱ्या याद्याही असतात, आणि पुश येतं ते एमटॉक डॉट गुगल डॉट कॉम वरून, तेच अडलं तर नोटिफिकेशन कुठून येणार. ते पोर्ट ५२२८ ते ५२३० वरून येतं आणि ते नाही जमलं तर ४४३ वरून, म्हणून वायफायवर हे पोर्ट अडवलेले असले तरी तेच होतं. ऑफिसच्या, हॉस्टेलच्या वायफायवरच उशीर होतो आणि मोबाइल डेटावर नीट येतं असं असेल तर संशय तिकडच्या फायरवॉलवर घ्या, फोनमध्ये काही बदलू नका. तपासायचं असं की डीएनएस थोडा वेळ ऑटोमॅटिकवर ठेवायचा, फरक पडला तर सौम्य यादी निवडायची.

व्हीपीएनमध्ये भारतातल्या लोकांना एक जास्तीची अडचण आहे. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेने एप्रिल २०२२ मध्ये व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकांची माहिती साठवून ठेवावी असे निर्देश काढले, त्यानंतर नॉर्ड, एक्स्प्रेस, सर्फशार्क या व्हीपीएन कंपन्यांनी भारतातले आपले सर्व्हर काढून घेतले. त्यामुळे तुमचा ट्रॅफिक बऱ्याचदा सिंगापूर नाहीतर आणखी कुठूनतरी बाहेर पडतो, आणि बँकेला दिसतं की पुण्याचा ग्राहक परदेशातून आलाय. अ‍ॅप उघडत नाही, कधी नुसतं पांढरं पान, कधी ‘तांत्रिक अडचण’. मग लोक व्हीपीएन अ‍ॅपमध्ये बँकेला वगळतात, तरी चालत नाही, कारण अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये ‘व्हीपीएनशिवाय कनेक्शन अडवा’ चालू असतं, आणि ते चालू असताना वगळलेल्या अ‍ॅपला इंटरनेटच मिळत नाही. दोन्ही एकत्र जमत नाही. व्हीपीएन प्रत्येक प्रोफाइलला वेगळा असतो, तेव्हा बँक आणि सरकारी अ‍ॅपसाठी वेगळी जागा करायची असेल तर ती इथे करा, बिनव्हीपीएनच्या प्रायव्हेट स्पेसमध्ये किंवा दुसऱ्या यूजरमध्ये. तुकडा पाडायला हे खरं सबळ कारण आहे. बँकेला तुमचं नाव, पत्ता, पॅन सगळं माहीतच आहे, तिच्यापासून आयपी लपवून मिळत काहीच नाही.

यूपीआय वर जरा जास्त बोलतो कारण भाजीवाल्यासमोर उभं राहून फोनशी झटापट करण्यासारखं लाजिरवाणं काही नाही. यूपीआय अ‍ॅप नोंदणी करताना तुमच्या सिमवरून बँकेकडे एक एसएमएस गुपचूप पाठवतं, त्यावरून नंबर आणि फोन जोडला जातो. म्हणजे एसएमएस आणि फोन या दोन परमिशन त्या वेळी द्यायलाच लागतात, खात्याशी जोडलेलं सिम त्याच फोनमध्ये लागतं, त्यात एसएमएस जाण्याइतका बॅलन्स किंवा पॅक लागतो, दोन सिम असतील तर योग्य सिम निवडावं लागतं. आणि दुसऱ्या यूजर प्रोफाइलमध्ये नोंदणी करत असाल तर कॉल आणि एसएमएस तिथे डीफॉल्ट बंद असतात. मालकाच्या प्रोफाइलमधून सेटिंग्ज, सिस्टीम, यूजर्समध्ये जाऊन त्या यूजरला परवानगी द्यावी लागते. ‘एसएमएस पाठवत आहोत’ वर अडकण्याचं हे सगळ्यात नेहमीचं कारण आणि अ‍ॅप ते कधीच सांगत नाही. लोकेशन मागितलं तर अंदाजे लोकेशन आणि ‘वापरताना’ एवढं देऊन बघा, कॉन्टॅक्टसाठी कॉन्टॅक्ट स्कोप्स (फक्त निवडलेले कॉन्टॅक्ट दाखवायची सोय) चालू करून यादी रिकामी ठेवा, अ‍ॅपला वाटतं परवानगी मिळाली. स्कॅन करून पैसे द्यायला कॉन्टॅक्ट लागत नाहीत.

माझ्या ठाण्याच्या मावसभावाचं यूपीआय असंच दर काही दिवसांनी ‘परत पडताळणी करा’ म्हणायचं. तो नोंदणी झाली की एसएमएस परमिशन काढून घ्यायचा, अ‍ॅपला पुढच्या तपासणीत ती सापडायची नाही की ते परत पहिल्यापासून सुरू. आम्ही एसएमएस परमिशन राहू दिली आणि बाकीचं सगळं, कॉन्टॅक्ट, फोटो, सेन्सर, बंद केलं. शांत झालं. एका अ‍ॅपला एसएमएस वाचू देणं ही लहान किंमत नाही हे मलाही पटतं, म्हणून त्याचे खाजगी मेसेज सगळे सिग्नलवर गेलेत आणि एसएमएसमध्ये आता ओटीपी आणि जाहिरातींपलीकडे काही नाही.

अ‍ॅप उघडताच बंद पडत असेल तर ती वेगळी गोष्ट. ग्राफीनओएसची मेमरी सुरक्षा कडक आहे, पिक्सेल ८ पासून मेमरी टॅगिंगही आहे, आणि आतून सदोष असलेली अ‍ॅप तिथे पकडली जातात. त्या एका अ‍ॅपच्या माहितीच्या पानावर एक्स्प्लॉइट प्रोटेक्शन कॉम्पॅटिबिलिटी मोड आहे, तो चालू करा. फक्त त्या अ‍ॅपला. पूर्ण फोनची सुरक्षा त्यासाठी कमी करायची गरज नाही.

आणि ‘तुमचा फोन सुरक्षित नाही’ हा संदेश. आधी फुकटची कारणं काढून टाका. डेव्हलपर ऑप्शन्स चालू असतील तर बंद करा, आपल्याकडची बरीच बँक अ‍ॅप तेवढ्यावरच नाही म्हणतात. इन्स्टॉल करताना बूटलोडर (फोन चालू होताना सिस्टीम सुरू करणारा भाग) परत लॉक केलाय ना आणि ओईएम अनलॉकिंग (तो उघडायची परवानगी) बंद केलंय ना बघा. अ‍ॅप प्ले स्टोअरमधूनच घ्या, एपीके किंवा दुसऱ्या दुकानातून घेतलेलं काही अ‍ॅपना चालत नाही. अ‍ॅक्सेसिबिलिटीचा अधिकार दिलेलं एखादं अ‍ॅप असेल तर तात्पुरतं काढा.

एवढं करूनही नाही म्हणालं तर ते प्ले इंटेग्रिटी. यात अ‍ॅप गुगलला विचारतं की हा फोन गुगलने प्रमाणित केलेला आहे का. ग्राफीनओएस प्राथमिक पातळी पार करतं, वरची नाही, कारण ते गुगलचं प्रमाणित अँड्रॉइड नाही. सुरक्षा कमी आहे म्हणून नाही. कित्येक वर्षं अपडेट न मिळालेला जुना फोन त्यात पास होऊ शकतो आणि चालू महिन्याच्या अपडेटवर, बूटलोडर लॉक असलेला पिक्सेल नापास होतो, याचा मला मनापासून राग आहे. इथे कोणतंही सेटिंग कामाला येत नाही. रूट करून (सिस्टीमचे पूर्ण अधिकार घेऊन), काहीतरी मॉड्यूल टाकून फसवायचे व्हिडिओ बघू नका, ज्या सुरक्षेसाठी हा फोन घेतला तीच त्यात जाते, आणि गुगलने फट बुजवली की परत बंद. गुगल पेचं टॅप करून कार्डने पैसे देणंही याच कारणाने चालत नाही, ते सोडून द्या.

पण आपल्याकडे एक फार मोठी सोय आहे जी बाहेरच्या देशांत बऱ्याच लोकांना नाही. यूपीआयमध्ये खातं एका बँकेचं आणि अ‍ॅप दुसऱ्या कोणाचंही चालतं. तुमच्या बँकेचं अ‍ॅप अडून बसलं म्हणून खातं बदलायची गरज नाही, तेच खातं दुसऱ्या यूपीआय अ‍ॅपमध्ये जोडा, एक नाही चाललं तर दुसरं. बँकेची बाकी कामं, स्टेटमेंट, एफडी, लाभार्थी जोडणं, ही व्हॅनेडियममध्ये, म्हणजे ग्राफीनओएससोबत येणाऱ्या ब्राउझरमध्ये, नेटबँकिंग उघडून करा आणि साइट होम स्क्रीनवर ठेवून द्या. त्याचा एक फायदा असा की साइटला तुमचे एसएमएस आणि कॉन्टॅक्ट परस्पर वाचता येत नाहीत. अडीअडचणीला *९९# आहेच, इंटरनेट लागत नाही, अ‍ॅप लागत नाही, एका वेळी ५,००० रुपयांपर्यंत जातात. ते आधी घरी बसून एकदा वापरून बघा, दुकानात पहिल्यांदा नको. आणि बँकेला लिहा, खरंच लिहा. ग्राफीनओएसची हार्डवेअरवरून पडताळणी करायची अधिकृत पद्धत आहे, अँड्रॉइडचीच ‘की अटेस्टेशन’ (हार्डवेअरमधल्या किल्लीवरून फोनची खात्री देणारी) सोय वापरून, तिची माहिती त्यांच्या साइटवर आहे, ती लिंक तक्रारीत जोडा. पहिलं उत्तर छापील येईल, तक्रार क्रमांक जपून ठेवून परत विचारा.

राहिल्या बारीकसारीक गोष्टी. मराठी टाइप करायला सोबत येणारा कीबोर्ड अपुरा पडतो, विशेषतः इंग्रजी अक्षरांवरून मराठी लिहिणाऱ्यांना. जीबोर्ड टाका, मराठी भाषा आणि जे हवं ते आधी डाउनलोड होऊ द्या, आणि मग त्याची नेटवर्क परमिशन काढून घ्या. नेट नसल्यामुळे तो स्वतः काही पाठवू शकत नाही. त्याच प्रोफाइलमध्ये प्ले सर्व्हिसेस असतील तर वर म्हटलं तसं त्यांच्याशी बोलायची वाट उरते, तेवढंही नको असेल तर हेलीबोर्ड घ्या, ओपन सोर्स आहे आणि त्याला नेटवर्कची परमिशनच नाही.

कॅबवाल्याला नकाशावर तुमची जागा भलतीकडे दिसत असेल तर कारण असं की डीफॉल्टमध्ये लोकेशन फक्त उपग्रहावरून येतं, आणि तिसऱ्या मजल्यावर घरात बसून ते लवकर सापडत नाही. लोकेशनच्या सेटिंगमध्ये नेटवर्क लोकेशन चालू करा, वायफायवरून अंदाज घेतं, विचारणा ग्राफीनओएसच्या प्रॉक्सीतून पाठवायचा पर्यायही तिथे आहे. कॅबच्या अ‍ॅपला नेमकं लोकेशन द्यायचं, फक्त वापरताना. आणि पेनड्राइव्ह किंवा गाडीतलं अँड्रॉइड ऑटो ओळखत नसेल तर केबल बदलायच्या आधी फोन अनलॉक करून मग केबल लावा, लॉक असताना यूएसबी पोर्ट फक्त चार्जिंगपुरतं ठेवलेलं असतं.